खालच्या पट्टीची साक्ष

चि. मनू,



तुझा निरोप आला, “आत्या, लोडिंग कंट्रोलसाठी एक चांगली अँटिबॉडी सांग ना, या आठवड्यात ऑर्डर जायची आहे.” एखादा कॅटलॉग नंबर कळवून मी मोकळी झाले असते. पण या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पेशी आणि तुझा प्रयोग पाहिल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. ते तुझं तुला कसं काढता येईल, हे सविस्तर लिहावं असं वाटलं. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या प्रयोगशाळांत दर वर्षी नवी मुलं याच प्रश्नापाशी येतात आणि बहुतेकांना “अ‍ॅक्टिन लाव, सगळे तेच लावतात” एवढंच ऐकायला मिळतं. त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र उघडं ठेवते आहे.

दादा हे वाचल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा आधी थोडं त्याच्यासाठी. वेस्टर्न ब्लॉट करताना पेशी फोडून त्यांतली प्रथिनं मोकळी करतात, एसडीएस नावाच्या साबणासारख्या रसायनाने ती उलगडतात आणि विजेच्या जोरावर जेलमधून पळवतात. लहान प्रथिनं पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग जेलमधली ही सगळी मांडणी जशीच्या तशी एका पातळ मेम्ब्रेनवर उतरवून घेतात आणि हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी त्यावर सोडतात. ती जिथे चिकटते तिथे बँड उमटतो. जेलची आज सर्वत्र चालणारी पद्धत लेम्लीने १९७० मध्ये दिली. प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून घेण्याची पद्धत टॉबिन, स्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. बँड गडद असेल तर प्रथिन जास्त, फिका असेल तर कमी. पण दुसऱ्या लेनमध्ये हात थोडा सैल पडून सॅम्पलच जास्त गेलं असेल, तरीही बँड गडदच दिसणार. म्हणून त्याच मेम्ब्रेनवर असं एक दुसरं प्रथिन (लोडिंग कंट्रोल) पाहतात, जे प्रयोगात बदलत नाही असं आपण धरून चालतो. शोधनिबंधातल्या जवळपास प्रत्येक ब्लॉटच्या चित्राखाली एकसारख्या बँडची जी पट्टी असते, ती हीच. वरच्या पट्टीतला फरक खरा आहे, याची साक्ष खालची पट्टी देते.

आता त्या “धरून चालतो” या शब्दांपाशी तू थांबावंस, अशी माझी इच्छा आहे.

तुझा प्रयोग मला जेवढा कळला आहे तो असा. उंदराच्या (रॅटच्या) मांडीच्या स्नायूंपासून बनलेल्या एल-सिक्स पेशी. सुट्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांच्या लांब नलिका व्हायच्या, त्यासाठी सीरम कमी करून काही दिवस वाट पाहायची. मग काहींना २४ ते ४८ तास जास्त ग्लुकोजमध्ये ठेवायचं, शेवटी दहा-पंधरा मिनिटं इन्सुलिन द्यायचं आणि इन्सुलिनचा संदेश पुढे नेणाऱ्या एकेटीचं सेरीन ४७३ या जागी फॉस्फोरिलेशन किती होतं, ग्लुकोज पेशीत आणणारं ग्लूट-४ किती आहे, हे पाहायचं. प्रश्न मोलाचा आहे. मधुमेहात स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे का होतात, हे आपल्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. आजींच्या डब्यातल्या गोळ्या तू लहानपणापासून पाहते आहेस. म्हणूनच तुझ्या ब्लॉटखालची पट्टी खरी असावी, याची मला एवढी कळकळ आहे.

या प्रयोगात गॅपडीएच लावायचं का? प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये त्याची कुपी असणारच. छत्तीस-सदतीस किलोडाल्टनला स्वच्छ बँड येतो, अँटिबॉडीही सहज मिळते. पण गॅपडीएच म्हणजे ग्लुकोज मोडणाऱ्या साखळीतलंच एक एन्झाइम. तू पेशींना द्यायच्या ग्लुकोजचं प्रमाण बदलते आहेस, वर इन्सुलिनही देते आहेस. इन्सुलिनमुळे या एन्झाइमच्या जनुकाचं काम वाढतं, हे चरबीच्या पेशींत १९८० च्या दशकातच दाखवलं गेलं आहे. ऑक्सिजन कमी पडला तरी काही पेशींत ते वाढतं. म्हणजे ज्या घटनेचा तू तपास करते आहेस, तिच्यातच गुंतलेल्याला तू साक्षीला बोलावते आहेस.

तरीही गॅपडीएच सरसकट बाद, असं मी म्हणणार नाही. तुझ्याच प्रयोगाचा एक तुकडा घे: त्याच दिवशीच्या, त्याच प्लेटमधल्या, सारख्याच वाढवलेल्या नलिका, अर्ध्यांना दहा मिनिटं इन्सुलिन दिलं, अर्ध्यांना नाही. दहा मिनिटांत पेशीतल्या गॅपडीएचच्या एकूण साठ्यात ब्लॉटवर दिसेल एवढा फरक पडत नाही, कारण नवं प्रथिन बनून साचायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तिथे ते चालेल. पण सुट्या पेशींची तुलना पाच-सहा दिवसांनंतरच्या नलिकांशी करायची असेल किंवा साध्या ग्लुकोजची ४८ तासांच्या जास्त ग्लुकोजशी, तर तीच कुपी, तीच अँटिबॉडी बेभरवशाची ठरू शकते. अमुक अँटिबॉडी भरवशाची की नाही, असं विचारायचंच नसतं. अमुक तुलनेसाठी ती भरवशाची आहे का, असं विचारायचं असतं. लोकांच्या शिफारशी वाचताना हा प्रश्न मनात जागा ठेव. शिफारस करणाऱ्याच्या पेशी यकृताच्या होत्या की मेंदूच्या, औषध तासभर दिलं होतं की आठवडाभर, हे कळल्याशिवाय त्या शिफारशीचा तुला उपयोग नाही.

बरं, मग अ‍ॅक्टिन? इथे मला जरा रेंगाळू दे. स्नायूंवर काम करणाऱ्यांनी हे एकदा तरी पूर्ण समजून घ्यायलाच हवं.

सस्तन प्राण्यांत अ‍ॅक्टिनचे सहा प्रकार आहेत. बीटा आणि गॅमा हे दोन जवळपास सगळ्या पेशींच्या सांगाड्यात असतात. उरलेले चार स्नायूंचे: कंकाल स्नायूंचं, हृदयाचं, गुळगुळीत स्नायूंची दोन. सगळ्यांची लांबी जवळपास सारखी, वजन सुमारे ४२ किलोडाल्टन. जेलवर ते वेगळे ओळखता येत नाहीत. बीटा आणि गॅमा यांच्यात तर केवळ चार अमिनो आम्लांचा फरक आहे आणि तोही अगदी सुरुवातीच्या टोकाशी. एसी-१५ नावाचा अँटिबॉडीचा प्रसिद्ध क्लोन नेमका बीटाच्या या टोकाला चिकटतो. सी-४ नावाचा दुसरा क्लोन सहाही प्रकार पकडतो. दोन्ही कुप्या फ्रीझरमध्ये शेजारी असतात, दोन्हींच्या डब्यावर कुणीतरी मार्करने नुसतं “अ‍ॅक्टिन” लिहिलेलं असतं.

आता तुझ्या पेशींकडे बघ. सुट्या स्नायुपेशींत बीटा भरपूर असतं. त्यांच्या नलिका होऊ लागल्या की बीटा घटत जातं आणि स्नायूचं खास अल्फा-अ‍ॅक्टिन वाढत जातं, कारण आता त्यांना आकुंचनाची यंत्रणा उभी करायची असते. अशा मालिकेवर तू एसी-१५ लावलंस तर दिवसागणिक बँड फिका होताना दिसेल. सहाही प्रकार पकडणारी अँटिबॉडी लावलीस तर तो गडद होण्याकडे झुकेल. सॅम्पल तेच, मायक्रोग्रॅम तेच, नाव तेच आणि साक्ष मात्र उलटसुलट. ग्लूट-४ ला पहिल्या बँडने भागलंस तर त्याची वाढ आहे त्याहून मोठी दिसेल, दुसऱ्याने भागलंस तर ती झाकली जाईल. शोधनिबंधात मात्र तू “अ‍ॅक्टिनने नॉर्मलाइझ केलं” एवढंच लिहिशील आणि वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. पूर्ण वाढलेल्या कंकाल स्नायूच्या ऊतीत बीटा इतकं कमी असतं की, तिथे तो निव्वळ चुकीचा साक्षीदार आहे. क्लोनचं नाव नोंदवहीत लिही, असं मी पुन्हापुन्हा सांगते ते याचसाठी.

अ‍ॅक्टिनची दुसरी अडचण स्नायूंपुरती नाही, ती सगळ्यांची आहे. हे प्रथिन पेशीत इतकं मुबलक असतं की नेहमीच्या २०-३० मायक्रोग्रॅम सॅम्पलमध्ये त्याचा बँड संपृक्त होतो. पाच, दहा, वीस, चाळीस मायक्रोग्रॅम असं चढत्या क्रमाने लोड केलंस तर दर पायरीला बँडची तीव्रता दुप्पट व्हायला हवी. प्रत्यक्षात ती दहाच्या आसपासच सपाट होऊ लागते आणि वीस-चाळीसमधला फरक दिसेनासा होतो. हे पेशीगणिक, अँटिबॉडीगणिक बदलतं, पण होतं वारंवार. याचा अर्थ नीट बघ. एका लेनमध्ये दुसरीच्या दुप्पट सॅम्पल गेलं तरी खालची पट्टी एकसारखी दिसणार! जी चूक पकडण्यासाठी ती ठेवली, तीच चूक तिला दिसत नाही. डिटमर आणि डिटमर यांनी २००६ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिस या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं आणि बीटा-अ‍ॅक्टिन भरवशाचा लोडिंग कंट्रोल नाही, हे शीर्षकातच स्पष्ट लिहिलं. त्यानंतरही वर्षानुवर्षं त्याच देखण्या, सरळ, गडद पट्ट्या छापल्या जात आहेत. भाजीवाल्याच्या तराजूला पासंग असेल तर आपण लगेच हटकतो. काटा हलतच नसेल तर काय करावं? अतिशय सारख्या, अतिशय काळ्या पट्टीवर माझा भरवसा कमी होतो, वाढत नाही.

यावर इलाज आहे आणि तो अवघड नाही. कुठलीही अँटिबॉडी कायमची स्वीकारण्याआधी सगळी सॅम्पलं एकत्र करून त्यांची एक चढती मालिका चालव: अडीच, पाच, दहा, वीस, चाळीस मायक्रोग्रॅम. बँडची तीव्रता आणि लोड केलेलं प्रथिन यांचा आलेख काढ. जिथवर तो सरळ रेषेत आहे तिथवरच तुला काम करता येईल. तुझं लोडिंग त्या पट्ट्याच्या मध्यावर यायला हवं. येत नसेल तर प्रायमरी (प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी) आणखी पातळ कर, सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी) पातळ कर, एक्स्पोजर कमी कर. तरीही जमलं नाही, तर ते प्रथिन तुझ्या कामाचं नाही. फिल्मवर हा सरळ पट्टा फार अरुंद असतो. डिजिटल कॅमेऱ्याला बरीच जास्त मोकळीक असते, पण त्यावरही कुठला पिक्सेल कमाल मर्यादेला टेकला आहे का, हे दर वेळी बघ. बँडच्या मध्यभागी पांढुरकं भोक दिसलं तर तिथे सबस्ट्रेट संपून गेला आहे; तो बँड मोजायचाच नाही. हीच मालिका एकेटीसाठी आणि ग्लूट-४ साठीही करावी लागेल. दोन्ही आकडे सरळ पट्ट्यातले असतील तरच त्यांच्या भागाकाराला अर्थ आहे.

ट्युब्युलिनचं थोडक्यात सांगते. ५०-५५ किलोडाल्टन, डीएम-१ए हा जुना, चांगला क्लोन. पण पेशी नलिकेत रूपांतरित होताना सूक्ष्मनलिकांची पूर्ण पुनर्रचना होते, शिवाय ग्लूट-४ चा बँडही त्याच परिसरात, ४५ ते ५५ च्या दरम्यान पसरतो. एकाच मेम्ब्रेनवर दोन्ही सुटे वाचणं जिकिरीचं. पुढे कधी कोल्चिसिन किंवा टॅक्सॉलसारखं औषध वापरलंस तर ट्युब्युलिनकडे बघूही नकोस. आणि उद्या तू उंदराच्या स्नायूची ऊती घेतलीस तर त्यात रक्तातल्या अँटिबॉडीही येतील. माउसमध्ये बनलेली प्रायमरी शोधणारी सेकंडरी त्यांनाही चिकटू शकते आणि त्यांची जड साखळी ५० ला, हलकी २५ ला उमटते. पन्नासचा तो बँड ट्युब्युलिन समजून मोजला गेला, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मग माझा कल कशाकडे? तुझ्या या प्रयोगासाठी विन्क्युलिन तपासून बघ, असं मी म्हणेन. सुमारे ११७ किलोडाल्टन. एकेटी ६० ला, ग्लूट-४ पन्नासच्या आसपास, त्यामुळे मेम्ब्रेन ऐंशीच्या जवळ आडवं कापून वरचा तुकडा विन्क्युलिनसाठी, खालचा तुझ्या प्रथिनांसाठी असं वापरता येईल. स्ट्रिपिंगची गरज नाही. स्ट्रिपिंगमध्ये मेम्ब्रेनवरचं थोडं प्रथिनही धुऊन जातं आणि प्रत्येक लेनमधून ते सारखंच जातं याची हमी नसते. विन्क्युलिन अ‍ॅक्टिनइतकं मुबलक नाही, त्यामुळे संपृक्ततेचा त्रास कमी. आणखी एक मोठा फायदा: विन्क्युलिन नसलेल्या माउसच्या पेशी जगतात, प्रयोगशाळांत त्या वाढवलेल्या आहेत. म्हणजे त्याची अँटिबॉडी खरोखर विन्क्युलिनलाच चिकटते का, हे प्रथिनच नसलेल्या पेशींवर तपासता येतं. असा पुरावा दाखवणारी कंपनी निवड. पण तेही तपासल्याशिवाय स्वीकारू नकोस. विन्क्युलिन पेशीला आधाराशी जखडून ठेवणाऱ्या जागांवर असतं, स्नायूत त्याच्या खास ओळी तयार होतात, म्हणून नलिका होताना ते बदलूही शकतं. पुढे हृदयाच्या स्नायूकडे वळलीस तर १४५-१५० च्या आसपास मेटाविन्क्युलिनचा दुसरा बँड दिसेल, त्याला घाबरू नकोस. शिवाय मोठी प्रथिनं मेम्ब्रेनवर सावकाश उतरतात. ट्रान्सफरला पुरेसा वेळ दे.

उमेदवार तपासायचा कसा, ते सांगते. तुझ्या प्रयोगातली प्रत्येक अवस्था घे: सुट्या पेशी, नलिका, साधं ग्लुकोज, जास्त ग्लुकोज, इन्सुलिनसह आणि इन्सुलिनविना. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या किमान तीन खेपा. बीसीएने प्रथिन मोजून सगळीकडे सारखे मायक्रोग्रॅम लोड कर. लायसिस बफरमध्ये डीटीटी असेल तर बीसीए फसवते आणि एसडीएस असेल तर ब्रॅडफर्ड फसवते, हे लक्षात ठेव. मग उमेदवाराचा बँड त्या लेनमधल्या एकूण प्रथिनाशी ताडून बघ. अवस्था बदलली तरी हे गुणोत्तर बदलत नसेल, तर तो साक्षीदार तुझ्या खटल्यापुरता उभा राहू शकतो. 

एकूण प्रथिन कसं पाहायचं? पोन्सो-एस. तुझ्या बेंचवर, ट्रेच्या शेजारी बहुधा लाल रंगाची ती बाटली असेलच. ट्रान्सफर झाल्यावर, ब्लॉकिंगच्या आधी, मेम्ब्रेन त्यात पाच मिनिटं बुडव, पाण्याने धू. प्रत्येक लेन गुलाबी शिडीसारखी उभी राहते. बहुतेक जण ती बघतात, “ट्रान्सफर झालं” म्हणतात आणि धुऊन टाकतात. त्याच क्षणी तिचा नीट फोटो काढायचा आणि जपायचा. ब्लॉकिंगनंतर हे करता येणार नाही, कारण दुधाच्या पावडरीतली प्रथिनंच रंगून निघतील. ट्रान्सफरमध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल तर गोल पांढरा डाग पोन्सोमध्ये लगेच दिसतो. विन्क्युलिनचा बँड त्याविषयी गप्प राहील. रोमेरो-काल्वो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोन्सो हा अ‍ॅक्टिनला चांगला पर्याय असल्याचं दाखवलं. जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीसारखं जुनं नियतकालिकही आता लेखकांना एकूण प्रथिनाने नॉर्मलाइझ करायला सुचवतं आणि एखादं ‘हाउसकीपिंग’ प्रथिन वापरायचंच असेल तर तुमच्या प्रयोगात ते बदलत नाही याचा पुरावा मागतं. एका प्रथिनापेक्षा हजारो प्रथिनांची बेरीज अधिक स्थिर राहते, ही साधी गोष्ट आहे. 

माझं ठाम मत विचारशील तर असं: मोजणी एकूण प्रथिनाने कर. अँटिबॉडीची पट्टी दुसरा साक्षीदार म्हणून ठेव. दोघांचं जमलं तर उत्तम. जमलं नाही तर पुढे जाण्याआधी का जमलं नाही ते शोध. परीक्षकांनी अ‍ॅक्टिनची पट्टी मागितली म्हणून ती शेवटी घाईने जोडायची, हे तू करू नकोस.

एक हिशेब मी विद्यार्थ्यांकडून नेहमी करून घेत असे. तुझ्या प्रथिनाच्या मोजणीत १५ टक्के डळमळ आहे आणि लोडिंग कंट्रोलच्या मोजणीत स्वतःची २० टक्के. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसतील तर भागाकारातली डळमळ सुमारे २५ टक्के होते. म्हणजे अस्थिर कंट्रोलने भागल्यामुळे निकाल सुधारला नाही, तो आणखी विस्कटला. कंट्रोलने भागलं की आकडे आपोआप शुद्ध होतात, अशी एक समजूत पसरलेली आहे. ती खोटी आहे.

पुढे ग्लूट-४ पेशीच्या आतून पृष्ठभागावर किती आलं, हे पाहायला तू पेशीचे भाग वेगळे करशील. तिथे सगळं पुन्हा बदलतं. पृष्ठभागाच्या भागासाठी सहसा सोडियम-पोटॅशियम एटीपेझ सुचवलं जातं आणि इथेच तुझ्यासाठी एक सापळा आहे. कंकाल स्नायूत इन्सुलिन या पंपाचं अल्फा-२ उपएककही आतून पृष्ठभागावर आणतं, हे १९९२ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. नुसतं ‘एटीपेझ’ बघून अँटिबॉडी मागवू नकोस. अल्फा-१ त्या अभ्यासात हललं नव्हतं, तेव्हा नेमकी त्याचीच अँटिबॉडी घे आणि तीही तपासून घे. केंद्रकासाठी लॅमिन बी-१ किंवा हिस्टोन एच-३, मायटोकॉन्ड्रियासाठी व्हीडॅक, ही नावं तुला कुठेही मिळतील. प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा: माझ्या प्रयोगात तू बदलतोस का? ग्लूट-४ ची सॅम्पलं ९५ अंशांवर उकळू नकोस, हे जाता जाता सांगते. पेशीच्या पटलात रुतलेली अशी प्रथिनं उकळली की गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात.

आता खरेदीबद्दल, कारण ऑर्डर थांबली आहे. या कुप्या बहुतेक परदेशातून बर्फात येतात आणि एका कुपीची किंमत पाहता पाहता जेआरएफ शिष्यवृत्तीच्या महिन्याच्या रकमेच्या जवळ जाते. म्हणून “असलेलंच वापर” हा मोह मला समजतो. पण चुकीच्या साक्षीवर उभारलेलं वर्षभराचं काम त्याहून कितीतरी महाग पडतं. शक्य असेल तिथे मोनोक्लोनल घे, त्यातही रिकॉम्बिनंट मिळाली तर उत्तम, कारण तिचा क्रम ठरलेला असतो आणि खेपेगणिक ती बदलत नाही. पॉलिक्लोनल नव्या प्राण्यापासून नव्याने येते. तुझी फॉस्फो-एकेटीची अँटिबॉडी बहुधा सशातली असेल, तर कंट्रोलची माउसमधली घे, म्हणजे दोन रंगांच्या सेकंडरी लावून दोन्ही बँड एकाच वेळी वाचता येतील. एचआरपी जोडलेली अँटिबॉडी घेतलीस तर तिच्यात सोडियम अ‍ॅझाइड कधीही टाकू नकोस, ते एचआरपीला निकामी करतं. पातळ केलेली प्रायमरी बाटलीत जपून पुन्हापुन्हा वापरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. एखाद्या वेळी ते चालून जातं, पण मोजणीसाठी नको. पाचव्या खेपेच्या बँडची तुलना पहिल्या खेपेशी करता येत नाही.

अँटिबॉडीबद्दल आपण किती भोळे असतो, याचा एक पुरावा सांगते. मॅकगिल विद्यापीठाशी निगडित गटाने २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ बाजारातल्या अँटिबॉडी, ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशींवर तपासून अहवाल दिला. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंध असे निघाले, ज्यांत वापरलेली अँटिबॉडी त्या प्रथिनाला ओळखतच नव्हती. ज्यांच्यावाचून पेशी तगतच नाही, अशा कंट्रोल प्रथिनांची परीक्षा इतकी सोपी नसते. तिथे जनुकाचा आवाज एसआयआरएनएने कमी करून बँड त्या प्रमाणात फिका होतो का, ते पाहायचं किंवा वेगळ्या जागी चिकटणारी दुसरी अँटिबॉडी तेच सांगते का, ते पडताळायचं.

आणि एक गोष्ट मी तुझ्याकडून मागून घेते आहे. लोडिंग कंट्रोल कुठला, हे प्रयोगाचा निकाल पाहण्याआधी ठरव आणि तारखेसह नोंदवहीत लिही. तीन कंट्रोल लावून ज्याने भागल्यावर फरक ठळक दिसतो तो ठेवायचा, हे फार सहज होऊन जातं. करणाऱ्याला त्यात गैर वाटतही नाही, कारण तिन्ही बँड खरेच असतात. तरी तो निवडीने घडवलेला निकाल आहे. बिक, कासाडेव्हाल आणि फँग यांनी २०१६ मध्ये ४० नियतकालिकांतले, १९९५ ते २०१४ दरम्यानचे २०,६२१ शोधनिबंध डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्क्यांत संशयास्पद चित्रं सापडली आणि त्यांतल्या किमान निम्म्यांत मुद्दाम केलेल्या फेरफाराची चिन्हं होती. वेगळ्या प्रयोगाखाली जुनीच पट्टी पुन्हा चिकटवणं, हा या प्रकारांत चांगलाच ओळखीचा. कंट्रोलकडे ‘ती काय, असतेच खाली’ म्हणून पाहिलं की असं घडायला वेळ लागत नाही. तुझी पट्टी त्याच मेम्ब्रेनची असावी, दुसऱ्या दिवशी चालवलेल्या जेलची नको. न कापलेलं मूळ चित्र, क्लोनचं नाव, लॉट नंबर, पातळीकरण, एक्स्पोजरचा वेळ आणि पोन्सोचा फोटो हे सगळं एकत्र ठेव. कुणी उद्या विचारलं तर तुला आठवावं लागू नये.

तेव्हा ऑर्डर अजून एक आठवडा थांबव. कंपन्या चाचणीपुरती लहान कुपी देतात. विन्क्युलिनची तशी मागव. तोवर फ्रीझरमधल्या दोन्ही अ‍ॅक्टिनच्या कुप्यांचे क्लोन कुठले, ते शोधून काढ, सगळी सॅम्पलं एकत्र करून पहिली चढती मालिका चालव आणि पोन्सोच्या फोटोसकट मला पाठव. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल पाठव, स्लाइडवर चिकटवलेली नको. मी संध्याकाळी बसून प्रत्येक लेन तुझ्यासोबत मोजेन.

तुझी,
आत्या